वाड्यातील एक खोली पाहुण्यांसाठी : माडीवरची की सोप्यालगतची?

उत्तरकसबा (धागाकर्ता)

नमस्कार. सोलापूरच्या उत्तर कसब्यात आमचा एका चौकाचा, दगडी जोत्याचा आणि माळवदाचा (म्हणजे मातीच्या सपाट छताचा) वाडा आहे. बांधणीचे साल कोरलेला दगड कोठेही नाही. घरातील सर्वांत जुना कागद पणजोबांच्या वडिलांच्या नावाचा आहे, इतकेच खात्रीने सांगता येते. आता येथे आई, मी आणि पत्नी असे तिघेच राहतो आणि दोन खोल्या बारा महिने कुलपात असतात. त्यांपैकी एक खोली निवास व न्याहारी योजनेत नोंदवून पाहुण्यांना द्यावी, असे ठरवले आहे.

माडीवरची खोली देखणी आहे. रस्त्याकडे तीन खिडक्या, नक्षीच्या तुळया, भिंतीत कोनाडे, आणि जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत नंदीध्वजांची मिरवणूक खिडकीत बसून पाहता येते. मात्र वर जाण्यासाठी पंधरा पायऱ्यांचा उभा, अंधारा जिना आहे आणि न्हाणीघर व शौचालय खाली चौकापलीकडे आहे. सोप्यालगतची, म्हणजे चौकाकडच्या ओसरीला लागून असलेली, खोली पूर्वी धान्याची होती. ती न्हाणीघराला लागून आहे आणि मे महिन्यातही गार असते. परंतु चौकाकडे एक लहान खिडकी आणि वर माळवदात एक झरोका, एवढाच तिचा उजेड.

भाचा म्हणतो की ‘ऐतिहासिक वाडा’ अशी जाहिरात करावी, छायाचित्रांत माडीच उठून दिसेल, तेव्हा तीच द्यावी आणि तेथेच कोपऱ्यात न्हाणीघर काढावे. आई फक्त ‘बघा’ म्हणते. ज्यांनी असे काही केले आहे किंवा अशा ठिकाणी जे राहिले आहेत, त्यांनी अनुभव सांगावा.

चुनाविटा

माडीवर न्हाणीघर काढण्याचा विचार कृपया आजच सोडून द्यावा. मी तीस वर्षे बांधकामांवर देखरेख केली आहे आणि जुन्या वाड्यांचा शत्रू पाऊस नसून आतले पाणी असते, हे अनेकदा पाहिले आहे. माडीची जमीन लाकडी कड्यांवर, म्हणजे आडव्या वाशांवर, असते. फरशीच्या सांध्यातून रोज वाटीभर पाणी झिरपले, तरी ते कडीवरून ओघळत भिंतीतील तुळईच्या तोंडाशी जाऊन थांबते. ते तोंड भिंतीत गाडलेले असल्यामुळे कुजताना दिसत नाही. आपल्याला कळते तेव्हा तुळई वाकलेली असते आणि वाळवी बरीच पुढे गेलेली असते.

दुसरी गोष्ट वजनाची. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर माळवदाचा एक फूट मातीचा थर धरला, तरी १२० घनफूट माती होते, म्हणजे कोरडी असताना सुमारे साडेपाच टन. एवढा भार त्या तुळया पिढ्यान्‌पिढ्या पेलत आल्या आहेत. त्यावर हजार लिटरची टाकी ठेवली की आणखी एक टन वाढतो आणि तोही एकाच जागी.

पुणेमुक्कामी

चुनाविटा यांच्या म्हणण्यातील तांत्रिक भाग मला मान्य आहे, परंतु पाहुणा पैसे कशाचे देतो, याचाही विचार व्हावा. गेल्या पावसाळ्यात मी घाटमाथ्यावरील एका जुन्या वाड्यात दोन रात्री राहिलो. खोलीत पितळी समया होत्या, झोपाळा होता, जुन्या वह्यांची पाने चौकटीत लावलेली होती, आणि खरे सांगायचे तर यांपैकी काहीही माझ्या लक्षात राहिले नाही. लक्षात राहिले ते दार. रात्री ते लावून अडसर सरकवला, तेव्हा भिंतीच्या आतून जो जड, भरदार आवाज आला, तो सदनिकेत वाढलेल्या माझ्या मुलांनी पहिल्यांदाच ऐकला आणि त्यानंतर त्यांनी तो अडसर किमान चाळीस वेळा सरकवला.

असा अनुभव माडीवरच मिळतो. रस्त्याकडे खिडकी नसलेल्या धान्याच्या खोलीत राहण्यासाठी मी पुण्याहून येणार नाही. रात्री एकदा जिना उतरावा लागला, तर उतरेन.

कडकभाकरी

एकदा उतराल. साठी उलटल्यावर किती वेळा उतरावे लागते, ते त्या वेळी याच धाग्यावर अवश्य कळवावे.

गुरुवार_एकादशी

येथे मूळ प्रश्नाच्या आधीचा प्रश्न सुटून गेला आहे. सोलापुरात मुक्कामाला कोण येते? माझ्या मामांचे स्थानकाजवळ छोटे लॉज होते आणि सुट्ट्यांत मी गल्ल्यावर बसलो आहे. अक्कलकोट सुमारे ४० किलोमीटर, तुळजापूर सुमारे ४५, पंढरपूर सुमारे ७५. तिन्ही ठिकाणी जायचे असलेले कुटुंब सोलापुरात सामान टाकते. आमची वही वारांवर चालत असे. मंगळवार व शुक्रवार तुळजापूरचे, गुरुवार अक्कलकोटचा, एकादशी पंढरपूरची आणि पौर्णिमेला पाय ठेवायला जागा नसे.

या पाहुण्यांमध्ये बहुधा एक आजी असतात, त्यांचे गुडघे दुखत असतात आणि त्यांना पहाटे साडेचार वाजता अंघोळीला कढत पाणी हवे असते. त्यानंतर ओले कपडे वाळत घालायला दोरी, देवाचे सामान ठेवायला जमिनीपासून उंच अशी जागा आणि निघण्यापूर्वी चहा. खिडकीतून काय दिसते, हे आमच्याकडे कधीही कोणी विचारले नाही. पाहुणे काळोखात बाहेर पडत आणि काळोख पडल्यावरच परतत.

दुसऱ्या प्रकारचे पाहुणेही येतात, नाही असे नाही. नान्नजच्या अभयारण्यात माळढोक पक्षी दिसेल या आशेने येणारे असतात. हत्तरसंग कुडलला भीमा आणि सीना यांच्या संगमावर शके ९४०चा, म्हणजे इसवी सन १०१८चा, ‘वाछि तो विजेया होईवा’ (वाचील तो विजयी होईल) ही ओळ असलेला मराठी शिलालेख पाहायला येणारे अभ्यासकही असतात. त्यांना माडी आवडेल. पण त्यांची वाट पाहत खोली किती दिवस रिकामी ठेवायची, हे धागाकर्त्यांनी ठरवावे.

माहेरवाशीण

धाग्यात ‘ठरवले आहे’ असे लिहिले आहे. कोणी ठरवले, ते लिहिलेले नाही. पहाटे साडेचारच्या कढत पाण्यासाठी बंब साडेतीनला पेटवावा लागेल. तो कोण पेटवणार? चादरी कोण धुणार? पाहुणा रात्री साडेअकराला पोहोचला, तर दिंडी दरवाजा उघडायला कोण उठणार? या प्रश्नांची उत्तरे पुरुष सभासदांच्या चार प्रतिसादांत मला आढळली नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगते, ती सल्ला म्हणून घेऊ नये. माझ्या माहेरीही वाडा आहे आणि भावाने चार वर्षांपूर्वी वरची खोली अशीच भाड्याने द्यायला काढली. व्यवहार म्हणून ते योग्यच होते. त्या जानेवारीत गड्ड्याला मी मुलांना घेऊन आले, तेव्हा खोलीत हैदराबादचे एक कुटुंब उतरलेले होते. सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाचा अक्षता सोहळा पाहून आम्ही सम्मती कट्ट्यावरून थेट नणंदेच्या घरी गेलो. भावाचे काही चुकले नाही. तेव्हापासून मी गड्ड्याच्या आधी त्याला फोन करून खोली रिकामी आहे का, असे विचारते. तोही तारीख पाहून सांगतो.

उत्तरकसबा

माहेरवाशीण ताई, आपण म्हणता ते खरे आहे. पत्नीशी बोललो होतो. आईला मात्र सांगितले होते, विचारले नव्हते. आज विचारले. पाहुणे येण्याला तिची हरकत नाही. बंब पेटवायला तिचा ठाम नकार आहे आणि गीझरवरही तिचा विश्वास नाही.

चुनाविटा

आईंचा अविश्वास अगदी अनाठायी नाही. दोन किलोवॉटचा गीझर सुमारे ९ अँपिअर प्रवाह ओढतो. वाड्यातील मूळ वायरिंग दिवे आणि पंख्यांपुरते असेल, तर गीझरसाठी मीटरपासून वेगळी तार, अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर हवाच. तारा भिंतीत गाडण्यासाठी मातीच्या भिंतीला खाचे पाडू नयेत; वरून पट्टी मारावी. ती दिसेल, तर दिसू द्यावी.

न्हाणीघराचे छत सिमेंटचे असेल, तर त्यावर शंभर लिटरचा सौर बंब बसवता येईल. सोलापुरात उन्हाची ददात नाही आणि टाकी चांगली वेष्टित असली, तर संध्याकाळचे पाणी पहाटेपर्यंत पुरेसे गरम राहते. माळवदावर मात्र तो ठेवू नये.

खालच्या खोलीविषयी एक महत्त्वाची सूचना. धान्याची खोली म्हणता, तर भिंतीत बळद (धान्य साठवायची पोकळी) आणि जमिनीखाली पेव (धान्याचा खड्डा) आहे का, ते आधी पाहावे. फरशीवर पहारीने हलके ठोकले की पोकळ आवाज येतो. पेव सापडले, तर उत्साहाच्या भरात आत कोणालाही उतरू देऊ नये. अनेक वर्षे बंद असलेल्या पेवात प्राणवायू उरलेला नसतो आणि धान्य काढायला उतरलेली माणसे अशा पेवांत गुदमरून गेलेली आहेत.

मागवाला

माझा विषय पलंगावरचा आहे. पाहुण्यांच्या खोलीत लोक सोलापुरी चादर अंथरतात आणि येथेच चुकतात. जेकार्डची चादर जाड असते, पावसाळ्यात ती दोन दिवस वाळत नाही आणि रोज बदलायची म्हटली, तर एका पलंगाला सहा चादरी लागतील. अंथरायला साधी पांढरी सुती चादर ठेवावी, म्हणजे डाग दिसतो आणि पाहुण्याला स्वच्छतेची खात्री पटते. सोलापुरी चादर पांघरायला द्यावी. वापरण्यापूर्वी ती थंड पाण्यात दोन-तीनदा धुवावी, नाहीतर गडद रंग पांढऱ्यावर उतरतो.

टॉवेल मात्र बाहेरगावचे आणू नयेत. चादरीप्रमाणेच सोलापूरच्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, आणि इथल्या घरात परप्रांतीय टॉवेल दिसला की आमच्यासारख्यांना वाईट वाटते.

शंकासुर

सर्वांनी ‘ऐतिहासिक वाडा’ हा शब्द निमूटपणे मान्य केलेला दिसतो. जाहिरातीत तो लिहिण्याआधी थांबावे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गवारीत वारसा हॉटेल म्हणवून घ्यायचे, तर वास्तू १९५० पूर्वीची असावी लागते आणि किमान पाच खोल्या असाव्या लागतात. आपल्याकडे एक खोली आहे, तीही अद्याप ठरलेली नाही. सोलापुरात ऐतिहासिक घर म्हणायचे, तर अप्पासाहेब वारदांचे इंद्रभुवन, जेथे पुढे महापालिका आली, किंवा डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे घर, जे आता स्मारक आहे. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेला माणूस चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ मध्ये तेथेच गेला. त्या घराला गोष्ट रचावी लागत नाही.

आणि कृपया ‘मार्शल लॉच्या काळात आमच्या वाड्यात क्रांतिकारक लपले होते’ असे लिहू नये. मे १९३० मध्ये सोलापुरातील ज्या ज्या वाड्यात कोणी ना कोणी लपले होते असे मी ऐकले आहे, त्या सर्वांची बेरीज केली, तर त्यांना शोधायला शहरात कोणी उरत नाही. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे हे चौघे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेले. त्यांच्या नावाचा चौक आपल्या गावात असताना पलंगाच्या भाड्यासाठी पाचवा हुतात्मा निर्माण करण्याची आवश्यकता नाही.

उत्तरकसबा

शंकासुर, संकोचाने कबूल करतो की भाच्याने लिहिलेल्या मसुद्यात ते वाक्य होते. आजीकडून मी ऐकलेली गोष्ट एवढीच आहे की त्या दिवसांत संचारबंदीमुळे दळणाला बाहेर जाता येत नव्हते आणि शेजारच्या तीन घरांनी आमच्या जात्यावर आळीपाळीने दळले. लपले कोणीही नव्हते. वाक्य काढले आहे.

कडकभाकरी

जात्याची गोष्ट लिहावी. पाहुण्यांना दळायला लावता येईल आणि त्याचे वेगळे पैसे घेता येतील.

सिटीसर्व्हे

चर्चेत व्यत्यय आणतो. मालमत्ता पत्रकावर कोणाकोणाची नावे आहेत? वाडा सामायिक असेल, तर चुलत भावंडांची व बहिणींची लेखी संमती आधी घ्यावी. खोलीला भाडे येऊ लागले की आजवर दुरुस्तीच्या खर्चात कधीही न आठवलेले हिस्से सर्वांना आठवतात. पाहुण्यांची नोंदवही आणि ओळखपत्रांच्या प्रती ठेवाव्यात. परदेशी पाहुणा उतरला, तर त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते. कोटणीस स्मारकासाठी चिनी पाहुणे सोलापुरात येतात, त्यामुळे ही शक्यता वाटते तितकी दूरची नाही.

हुरडामित्र

न्याहारीविषयी कोणीच बोलत नाही, म्हणून लिहितो. पहाटे पाचला निघणाऱ्यांपुढे ताट मांडण्यात अर्थ नाही. कडक भाकरी, शेंगा चटणी आणि केळी अशी शिदोरी बांधून द्यावी. कडक भाकरी दिवसभर काय, पुढचे कित्येक दिवस टिकते आणि कोणाला पहाटे चुलीपुढे उभे राहावे लागत नाही. दही मात्र आयत्या वेळीच द्यावे. खोली ठरवतानाच ‘उपवास आहे का’ हे विचारावे, म्हणजे एकादशीला गोंधळ होणार नाही. उशिरा उठणारे पाहुणे असतील, त्यांच्यासाठी सुशीला करावी.

पुणेमुक्कामी

सुशीला म्हणजे काय, हे मी विचारणार नाही, कारण मागच्या धाग्यावर विचारले होते आणि अकरा प्रतिसाद आले होते.

उत्तरकसबा (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे आभार. दरम्यान जे घडले, ते क्रमाने सांगतो.

चुनाविटा यांच्या सांगण्यावरून खालच्या खोलीची फरशी ठोकून पाहिली आणि उत्तरेच्या कोपऱ्यात पोकळ आवाज आला. दोन शहाबादी फरश्या काढल्यावर खाली गोल दगडी झाकण दिसले. पेव आहे, हे आईला माहीत होते. ‘तुम्ही विचारलेत कुठे?’ असे ती म्हणाली. झाकण बाजूला करून खोली दोन दिवस उघडी ठेवली, विजेरीच्या प्रकाशात वरूनच पाहिले आणि दोरीला दगड बांधून पेवाची खोली मोजली. सात फूट भरली. तळाशी काळवंडलेला कडबा आणि भुसा होता. कोणालाही उतरू दिले नाही. भाच्याची तयारी होती, परंतु त्याला ‘आधी मुरूम वाहा’ असे सांगितल्यावर त्याचे कुतूहल शमले. गवंड्याच्या सल्ल्याने पेव मुरुमाने भरून घेतले आणि दगडी झाकण फरशीच्या पातळीत पुन्हा बसवले. पलंग दुसऱ्या बाजूला लावला आहे. भिंतीचा जुना सिमेंटचा गिलावा पोपडे धरून सुटत होता. तो काढून चुन्याचा करत आहोत. ते काम संथ आहे, कारण एक थर वाळल्याशिवाय गवंडी दुसऱ्याला हात लावत नाही आणि मी विचारले की अधिकच संथ होतो.

तर खोली खालचीच देणार आहोत. चौकाकडची खिडकी मोठी केलेली नाही. झरोक्यावर काच बसवली आहे. सकाळी दहाच्या सुमारास उन्हाचा एक कवडसा भिंतीवरून सरकत त्या झाकणावर येतो, हे मला या घरात जन्म काढूनही ठाऊक नव्हते, कारण त्या वेळी त्या खोलीत मी कधी गेलोच नव्हतो. न्हाणीघरावर सौर बंब बसला आहे. चुलत भावंडांपैकी दोघांची संमती आली असून तिसऱ्याचे ‘बघतो’ असे उत्तर आहे.

शंकासुर

जाहिरातीत काय लिहिले?

उत्तरकसबा

‘जुन्या वाड्यातील धान्याची खोली, तळमजला, पहाटे गरम पाणी.’ भाचा नाराज आहे.

शंकासुर

मला आक्षेप घ्यायला काहीही सापडले नाही, याची नोंद घ्यावी.

पुणेमुक्कामी

मी पूर्वी लिहिलेले मागे घेत नाही, परंतु त्या दाराला अडसर आहे का?

उत्तरकसबा

आहे. सागवानी आहे आणि भिंतीत पूर्ण सरकतो. मुलांना घेऊन यावे.

गुरुवार_एकादशी

आणि माडी? जानेवारीत गड्ड्याच्या वेळी ती चार दिवसांसाठी दिली, तर नंदीध्वज पाहायला लोक तिप्पट भाडे देतील. माझ्याच ओळखीचे एक कुटुंब तयार आहे.

उत्तरकसबा

माडीवर न्हाणीघर काढणार नाही आणि ती भाड्यानेही देणार नाही. माहेरवाशीण ताईंचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला होता. तिने त्यावर काही म्हटले नाही, पण दुसऱ्या दिवशी माडीची किल्ली स्वतःच्या जुडग्यात अडकवली आणि माझ्या दोन्ही बहिणींना व आत्याला फोन करून यंदा गड्ड्याला कोण कोण येणार, याची गणना सुरू केली. काल रात्रीपर्यंत अकरा माणसे झाली होती. मागवाला, सोलापुरी चादरी घाऊक दराने कोठे मिळतील?